डेबियन पॅकेजच्या बिल्ड डिपेंडन्सी: पहिलं पॅकेज करणाऱ्यांसाठी

डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनसाठी पहिल्यांदा पॅकेज तयार करणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते: डेबियन/कंट्रोल फाइलमधल्या बिल्ड-डिपेंड्स या ओळीपाशी. सोर्स कोडपासून पॅकेज तयार करताना, म्हणजे बिल्ड करताना, लागणाऱ्या इतर पॅकेजांची ही यादी. सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर व्यवस्थित कंपाइल होतं, पॅकेजही तयार होतं, आणि ते वर पाठवलं की डेबियनच्या बिल्ड यंत्रांवर दोन मिनिटांत कोसळतं. कारण साधं आहे. त्या यंत्रांवर तुमच्या लॅपटॉपवरचं काहीही नसतं. एएमडी६४, एआरएम६४, एस३९०एक्स आणि डेबियन १३ पासून अधिकृत झालेलं रिस्क-व्ही, अशा प्रत्येक आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बिल्डडी नावाची यंत्रणा एक जवळजवळ रिकामी सिस्टीम उभी करते, बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिलेली पॅकेजेस तेवढी त्यात बसवते आणि बिल्ड सुरू करते. तुम्ही लिहिलं नाही ते तिथे नाही.

त्यामुळे ही यादी म्हणजे न पाहिलेल्या मशीनला आपण दिलेली माहिती आहे, आणि ती खरी असली पाहिजे. कमी लिहिलं तर बिल्ड मोडतो. जास्त लिहिलं तर बिल्ड होतो, पण तुमच्यानंतर पॅकेज सांभाळणाऱ्याला कोणती ओळ कशासाठी आहे हे कळत नाही आणि तो कशालाही हात लावायला धजत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, मराठी मजकुराची फाइल घेऊन तिची पीडीएफ करून देणारा एक छोटा प्रोग्राम आहे. सी भाषेत लिहिलेला, अक्षरमांडणीसाठी पँगो, रेखाटनासाठी कैरो आणि बिल्डसाठी मेसन हे साधन वापरणारा.

आधी वाचा, मग चालवा

नवखा माणूस बिल्ड चालवतो, एरर येते, एक पॅकेज बसवतो, पुन्हा चालवतो. या पद्धतीने यादी तयार होते खरी, पण ती तुमच्या मशीनवर आधीपासून काय होतं यावर ठरते. त्यापेक्षा मेसन डॉट बिल्ड ही फाइल उघडा आणि पहिल्या ओळीपासून वाचा. इतर प्रकल्पांत हीच माहिती कॉन्फिगर डॉट एसी, सीमेकलिस्ट्स किंवा पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलींत असते. रीडमीमधली यादी फक्त इशारा म्हणून घ्या. ती बऱ्याचदा दोन-तीन आवृत्त्या जुनी असते आणि भलत्याच डिस्ट्रिब्यूशनची नावं तिच्यात असतात.

वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवा. डिपेंडन्सी या फंक्शनने मागितलेल्या लायब्ररी, फाइंड-प्रोग्रॅमने शोधलेले प्रोग्राम, आणि त्या प्रत्येकाच्या पुढे लिहिलेली अट. अटी दोन प्रकारच्या असतात: किमान आवृत्ती आणि रिक्वायर्ड खरं की खोटं. आपल्या उदाहरणात पँगोकैरो १.४४ किंवा त्यापुढचं सक्तीचं आहे, कैरो सक्तीचं आहे, भाषांतरांसाठी एमएसजीएफएमटी हा प्रोग्राम लागतो, आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी एंचांट-२ ऐच्छिक आहे. या ऐच्छिकाकडे पुन्हा यायचं आहे, कारण सगळ्यात फसवी जागा तीच.

नावावरून पॅकेज शोधणं

मेसनला हवं असतं पँगोकैरो, पण डेबियनमध्ये त्या नावाचं पॅकेज नाही. मेसन प्रत्यक्षात शोधतं ती पँगोकैरो डॉट पीसी ही छोटी फाइल, आणि ती कोणत्या पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल सांगतं. ते बसवा, एकदा अपडेट करा आणि सर्च करून त्या फाइलचं नाव द्या. उत्तर येतं लिबपँगो१.०-डेव. कैरो डॉट पीसी विचारलं की लिबकैरो२-डेव. बिन डिरेक्टरीतला एमएसजीएफएमटी विचारला की गेटटेक्स्ट. डीपीकेजी -एस हा आदेशही असंच उत्तर देतो, पण तो फक्त तुमच्याकडे बसवलेल्या पॅकेजांत शोधतो. न बसवलेल्या पॅकेजासाठी एपीटी-फाइलच हवं.

बिल्डला नेहमी -डेव नावाचं पॅकेज लागतं, कारण हेडर आणि पीसी फाइली त्यात असतात. नुसती लायब्ररी असलेलं पॅकेज बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहायचं कारण सहसा नसतं. ते चालवण्याच्या वेळचं काम आहे आणि तेही हाताने लिहायचं नसतं: डिपेंड्स ओळीत शलिब्स:डिपेंड्स हा चल ठेवला की डीपीकेजी-शलिबडेप्स तयार झालेली बायनरी उघडून तिला कोणत्या लायब्ररी लागतात ते पाहतं आणि नावं भरतं.

जीसीसी, मेक, लिबसी६-डेव, डीपीकेजी-डेव हेही लिहायचं नाही. बिल्ड-इसेन्शियलमध्ये येणारं सगळं प्रत्येक बिल्ड यंत्रावर असतंच असं धोरणच आहे. बिल्ड-इसेन्शियल हे नाव लिहिलं तर लिंटियन हे पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन तक्रार करतं.

लिबपँगो१.०-डेव बसवलं की लिबकैरो२-डेव आपोआप येतं, मग ते वेगळं कशाला लिहायचं? प्रोग्राममध्ये कैरोचं हेडर थेट घेतलं असेल, तर लिहायचंच. उद्या पँगोच्या पॅकेजने आपली रचना बदलली तर तुमचं पॅकेज तुमची काही चूक नसताना मोडेल. जे थेट वापरता ते लिहा, जे दुसऱ्याच्या मागून येतं आणि तुम्ही वापरत नाही ते लिहू नका. यादी छोटी आणि खरी राहण्यासाठी हा एक नियम पुरतो.

आवृत्तीचे आकडे

किमान आवृत्ती मूळ प्रकल्पाच्या फाइलीतून घ्या, तुमच्या मशीनवर आज जी आहे ती नको. मेसन डॉट बिल्डमध्ये १.४४ असेल तर १.४४ च लिहा. उगाच मोठा आकडा टाकला तर डेबियनच्या स्थिर आवृत्तीसाठी बॅकपोर्ट करणाऱ्याचं (नवं पॅकेज तिथे आणणाऱ्याचं) काम विनाकारण अडतं.

इथे एक खाच आहे. डेबियनच्या काही पॅकेजांच्या आवृत्तीआधी इपॉक असतो, म्हणजे आकडा आणि विसर्गचिन्ह. झेडलिबची आवृत्ती १:१.३ अशी दिसते. तुम्ही झेडलिब१जी-डेव पुढे नुसतं >= १.३ लिहिलं तर इपॉक शून्य धरला जातो, आणि इपॉक एक असलेली कोणतीही जुनीपुराणी आवृत्ती ती अट पूर्ण करते. अट दिसते, पण काम करत नाही. म्हणून आकडा लिहिण्याआधी एपीटी पॉलिसी चालवून खरी आवृत्ती एकदा डोळ्यांखालून घाला. डेबियनच्या विशिष्ट रिव्हिजनची (आवृत्तीच्या शेवटी डेबियनने जोडलेल्या आकड्याची) गरज असेल, तर शेवटी ~ हे चिन्ह जोडायची पद्धत आहे. त्यामुळे त्याच रिव्हिजनचा बॅकपोर्टही अटीत बसतो.

पायथनच्या जगात अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्प, बरेचदा == लावून एकच आवृत्ती बांधून ठेवतं. डेबियनमध्ये साधारणपणे प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती असते, त्यामुळे ही अट पॅचने सैल करावी लागते आणि चाचण्या चालवून ती सैल केल्याने काही बिघडत नाही हे पाहावं लागतं. तसा पॅच अपस्ट्रीमकडेही पाठवा.

एवढं झाल्यावर आपली यादी अशी दिसते:

बिल्ड-डिपेंड्स:
 डेबहेल्पर-कॉम्पॅट (= १३),
 गेटटेक्स्ट,
 लिबकैरो२-डेव,
 लिबपँगो१.०-डेव (>= १.४४),
 मेसन,
 पीकेजीकॉन्फ

डेबहेल्पर म्हणजे पॅकेज बांधण्याच्या पायऱ्या चालवणारा साधनसंच, आणि पीकेजीकॉन्फ म्हणजे पीसी फाइली वाचणारं साधन. दर ओळीला एक नाव आणि वर्णानुक्रम. रॅप-अँड-सॉर्ट हे साधन ते करून देतं. पुढच्या आवृत्तीत काय बदललं हे गिटच्या फरकात एका नजरेत दिसतं.

रिकामी सिस्टीम

आता ही यादी तपासायची, आणि ती स्वतःच्या रोजच्या सिस्टीमवर तपासताच येत नाही. त्यासाठी एसबिल्ड वापरा, ते रिकाम्या सिस्टीममध्ये पॅकेज बिल्ड करतं. बिल्डडी आतून हेच साधन वापरतात, म्हणून तुमच्याकडचा निकाल त्यांच्या निकालाच्या सर्वांत जवळ जातो.

उभारणी एकदाच करायची. एसबिल्ड, एमएमडेबस्ट्रॅप आणि यूआयडीमॅप ही तीन पॅकेजेस बसवा. रिकामी सिस्टीम तयार करून देणाऱ्या एमएमडेबस्ट्रॅपला व्हेरियंट म्हणून बिल्डडी आणि सूट म्हणून अनस्टेबल (डेबियनची विकासातली शाखा) सांगा, आणि तयार होणारी टार फाइल होम डिरेक्टरीतल्या डॉट-कॅश/एसबिल्ड या जागी अनस्टेबल-एएमडी६४ नावाने ठेवा. एसबिल्डच्या कॉन्फिगमध्ये क्रूट मोड अनशेअर लिहा. या पद्धतीत रूटचे अधिकार लागत नाहीत, आणि प्रत्येक बिल्डला ती टार फाइल नव्याने उलगडून काम झाल्यावर टाकून दिली जाते. मागच्या बिल्डचा कचरा पुढच्यात येत नाही.

मग सोर्स डिरेक्टरीत जाऊन एसबिल्ड -डी अनस्टेबल. लॉग लांबलचक येतो, पण त्यात दोनच जागा आधी पाहायच्या. पहिली, डिपेंडन्सी बसवण्याचा भाग: तिथे नक्की काय काय बसलं याची पूर्ण यादी असते. दुसरी, मेसनने काय सापडलं आणि काय नाही हे छापलेल्या ओळी. बिल्ड मोडला आणि आतून पाहायचं असेल, तर बिल्ड-फेल्ड-कमांड्स या पर्यायाला एसबिल्ड-शेल सांगा. मोडलेल्या जागीच शेल उघडतं. तिथे एखादं पॅकेज हाताने बसवून बघता येतं आणि नेमकं काय कमी होतं हे लगेच समजतं.

कोड बदलत असताना दर वेळी एसबिल्ड चालवणं जड जातं. त्या कामासाठी एमके-बिल्ड-डेप्स आहे. ते तुमच्या यादीवर अवलंबून असलेलं एक पोकळ पॅकेज तयार करून बसवतं. काम झालं की ते एक पॅकेज काढून ऑटोरिमूव्ह केलं की त्याच्यासोबत आलेलं सगळं निघून जातं. एपीटी बिल्ड-डेपने आलेली पॅकेजेस मात्र सिस्टीमवर रेंगाळतात. पण यातलं काहीही एसबिल्डची जागा घेत नाही. पॅकेज पाठवण्याआधी रिकाम्या सिस्टीमवरचा बिल्ड झालाच पाहिजे, यात सवलत नाही.

न मोडणारा चुकीचा बिल्ड

एरर देऊन थांबणारा बिल्ड प्रामाणिक असतो. खरी काळजी वाटते ती एंचांट-२ सारख्या ऐच्छिक डिपेंडन्सीची. मेसनला ती सापडली तर शुद्धलेखन तपासणीसह प्रोग्राम तयार होतो, न सापडली तर त्याशिवाय. दोन्ही वेळा बिल्ड यशस्वी. तुमच्या लॅपटॉपवर लिबएंचांट-२-डेव कधीतरी दुसऱ्या कामासाठी बसवलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला सुविधा दिसते. बिल्डडीवर ते नसतं, त्यामुळे लोकांना मिळणाऱ्या पॅकेजात ती सुविधा नसते. महिन्याभराने कुणीतरी बग नोंदवतं की शुद्धलेखन तपासणी चालत नाही, आणि तुमच्याकडे मात्र ती चालते.

उपाय एकच: प्रत्येक ऐच्छिक गोष्टीवर स्वतः निर्णय घ्या आणि तो लिहून ठेवा. सुविधा हवी असेल तर लिबएंचांट-२-डेव यादीत टाका आणि बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या डेबियन/रूल्स फाइलमध्ये मेसनला तो पर्याय एनेबल्ड म्हणून द्या. नको असेल तर डिसेबल्ड म्हणून द्या. ऑटो ठेवू नका. अपस्ट्रीमने असा पर्यायच दिलेला नसेल, नुसतं रिक्वायर्ड: फॉल्स लिहून सोडलं असेल, तर पर्याय जोडणारा छोटा पॅच त्यांना पाठवा. बहुतेक प्रकल्प तो आनंदाने घेतात, आणि फायदा फक्त डेबियनला नाही, फेडोरा आणि जेंटूवाल्यांनाही होतो.

असं काही निसटलंय का हे पाहायचं असेल तर तेच पॅकेज एकदा आपल्या सिस्टीमवर आणि एकदा एसबिल्डमध्ये बिल्ड करा, आणि तयार झालेल्या दोन्ही डेब फाइलींवर फरक दाखवणारं डेबडिफ चालवा. डिपेंड्स ओळीत फरक दिसला, तर कोणती तरी गोष्ट गुपचूप जोडली जातेय.

चाचण्यांना काय लागतं

डेबहेल्पर बिल्डच्या शेवटी अपस्ट्रीमच्या चाचण्या चालवतो, आणि त्यांच्या गरजा वेगळ्या असतात. आपल्या प्रोग्रामची एक चाचणी मराठी परिच्छेद मांडून ओळींची रुंदी तपासते. लॅपटॉपवर ती पास होते, एसबिल्डमध्ये पडते. का? रिकाम्या सिस्टीमवर देवनागरी फाँटच नाही. पँगोमागून फाँटकॉन्फिग येतं, त्याच्यामागून डेजाव्यू हा फाँट येतो, पण डेजाव्यूत देवनागरी नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन मांडला जातो आणि रुंदी चुकते. हिंदी, मराठी, कोकणी हाताळणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे होऊ शकतं, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत याचा उल्लेख सापडणं कठीण. फाँट्स-लोहित-देवा यादीत टाकलं की हा प्रश्न सुटतो.

पुढचा अडथळा लोकेलचा, म्हणजे सिस्टीमच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा. भाषा मराठी आहे असं कळवलं तरच मराठी वळणाचे ल आणि श देणारे फाँट असतात, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर पँगो भाषा ठरवतं ती लोकेलवरून. चाचणी स्वतः एमआर_आयएन लोकेल लावत असेल, तर रिकाम्या सिस्टीमवर तो लोकेल तयारच नसतो. तिथे लोकेल्स-ऑल लागतं.

या दोन्ही गोष्टी फक्त चाचण्यांसाठी आहेत, म्हणून त्यांच्यापुढे तसं लिहायचं:

 फाँट्स-लोहित-देवा <!नोचेक>,
 लोकेल्स-ऑल <!नोचेक>

अर्थ असा की नोचेक प्रोफाइलने, म्हणजे चाचण्या वगळून बिल्ड करणाऱ्याला हे बसवावं लागू नये. नवं आर्किटेक्चर उभं करणाऱ्यांना आणि क्रॉस-कंपाइल करणाऱ्यांना (एका आर्किटेक्चरवर दुसऱ्यासाठी बिल्ड करणाऱ्यांना) याचा मोठा आधार असतो. डिपेंडन्सींची चक्रं, म्हणजे अ ला बिल्ड होण्यासाठी ब आणि ब ला अ, बरेचदा इथेच सुटतात, कारण त्यातली एक कडी नुसत्या चाचण्यांसाठी असते. पण खूण लावली की ती खरी आहे हेही तपासा: एसबिल्डला प्रोफाइल नोचेक देऊन एक बिल्ड करून बघा.

चाचण्या पडतात म्हणून त्या सरसकट बंद करणं हा मार्ग मला मान्य नाही. एखादी चाचणी इंटरनेट मागत असेल तर तेवढी वगळा आणि कारण लिहून ठेवा. बाकीच्या चालू द्या. तुमच्याकडे नसलेल्या आर्किटेक्चरवर तुमचं पॅकेज नीट चालतं का हे सांगणारं त्यांच्याशिवाय दुसरं काही नाही.

इंटरनेट नाही, आणि आत लपलेल्या प्रती

बिल्ड चालू असताना इंटरनेटवरून काहीही आणायचं नाही, हे डेबियन धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. मेसनमध्ये सबप्रोजेक्ट्स डिरेक्टरीत रॅप फाइली असतात. सिस्टीमवर लायब्ररी सापडली नाही तर त्यांच्या आधारे मेसन ती डाउनलोड करून घेतं. हाताने बिल्ड करताना हे लक्षातही येत नाही. डेबहेल्पर मेसनला डाउनलोड करू नको असं सांगूनच चालवतो, त्यामुळे पॅकेज करताना ती डिपेंडन्सी उघडी पडते. पडू द्या. ती लायब्ररी डेबियनमध्ये असेल तर यादीत टाका. नसेल तर आधी तिचंच पॅकेज करावं लागेल. इथे पुष्कळ जण खचतात, पण तीन छोट्या लायब्ररींची पॅकेजेस आधी करणं ही वाया गेलेली मेहनत नाही. पुढच्या कुणाला तरी ती तयार मिळतात.

व्हेंडर, थर्ड-पार्टी, एक्सटर्नल अशा नावांच्या डिरेक्टरी शोधा. त्यांत दुसऱ्या लायब्ररीच्या आख्ख्या प्रती असतात. तशी प्रत वापरली की मूळ लायब्ररीतली सुरक्षेची दुरुस्ती तुमच्या पॅकेजपर्यंत पोचत नाही. डेबियन/कॉपीराइटमध्ये फाइल्स-एक्सक्लूडेड लिहिलं की यूस्कॅन नवा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणताना त्या डिरेक्टरी काढून टाकतो, आणि मग सिस्टीमची लायब्ररी वापरण्यावाचून बिल्डला पर्याय उरत नाही.

यात काळजी का घ्यायची हे मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनसंचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मागचा दरवाजा ठेवला होता, आणि अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी तो २९ मार्चला उघड केला. त्याला चालना देणारी एम४ फाइल (बिल्ड स्क्रिप्टचा एक भाग) गिट भांडारात नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. ती स्क्रिप्ट बिल्डच्या वेळी डेबियन/रूल्स फाइल आहे का किंवा आरपीएम (फेडोरासारख्यांच्या पॅकेजांचा) बिल्ड चालू आहे का हे पाहायची, म्हणजे निशाणा थेट पॅकेज करणाऱ्यांवर होता. तो दरवाजा उघडायचा एसएसएच सर्व्हरमध्ये (एसएसएचडी), म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या प्रोग्राममध्ये. त्याचा एक्सझेडशी संबंध तरी काय? डेबियनने एसएसएचडीला लावलेल्या पॅचमुळे त्यात लिबसिस्टमडी जोडली जात होती, आणि लिबसिस्टमडीमागून लिबएलझेडएमए ही एक्सझेडचीच लायब्ररी येत होती. स्थिर आवृत्तीत ते पोचलं नाही, टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचलं. म्हणून टारबॉल आणि गिटमधला टॅग यांची तुलना करा किंवा थेट टॅगवरूनच सोर्स घ्या, आणि यादीत नवी लायब्ररी जोडताना तिच्यामागून काय काय येतं ते एकदा बघा.

थोडक्यात आटपण्यासारखं

दस्तऐवजांचं वेगळं, सर्व आर्किटेक्चरना सामाईक असं पॅकेज असेल आणि त्यासाठी पँडॉकसारखं अवजड साधन लागत असेल, तर ते बिल्ड-डिपेंड्स-इंडेपमध्ये टाका. ते एकाच यंत्रावर लागेल, सगळीकडे नाही. मग एसबिल्डला नो-आर्क-ऑल देऊन बिल्ड करून बघा. पँडॉक नसताना बायनरी पॅकेज तयार झालं पाहिजे.

उभी रेघ देऊन दोन पर्याय लिहिता येतात, पण अनस्टेबलचे बिल्डडी त्यातला पहिलाच घेतात. पहिल्या जागी खरं, अस्तित्वात असलेलं पॅकेज ठेवा.

डेबियनच्या मेन (पूर्ण मुक्त) विभागातलं पॅकेज बिल्डसाठी नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या) किंवा काँट्रिब (मुक्त, पण मुक्त नसलेल्यावर अवलंबून असलेल्या) विभागातल्या पॅकेजवर अवलंबून राहू शकत नाही.

नवी आवृत्ती आली की

यादी एकदा लिहून संपत नाही. अपस्ट्रीमची नवी आवृत्ती घेताना जुन्या आणि नव्या मेसन डॉट बिल्डमधला फरक आधी वाचा, मगच बिल्ड करा. नवीन लायब्ररी जोडली असेल तर एरर येऊन कळेल. काढून टाकली असेल तर कुणीही सांगणार नाही, आणि ती ओळ वर्षानुवर्षं पडून राहील. ओळीवर शंका असेल तर ती काढा, एसबिल्ड चालवा, डेबडिफ पाहा. फरक नसेल तर ती गेलेलीच बरी.

तुम्ही काहीच न बदलताही पॅकेज मोडू शकतं. २०२४ मध्ये जीसीसी १४ ने घोषित न केलेली फंक्शनं वापरणं ही इशाऱ्याऐवजी एरर ठरवली आणि कित्येक जुनी सी पॅकेजेस त्या एका बदलाने बिल्ड होईनाशी झाली. अशा वेळी एफटीबीएफएस (फेल्स टू बिल्ड फ्रॉम सोर्स, म्हणजे सोर्सपासून बिल्ड होत नाही) असा बग येतो. तो आला की प्रत्येक बिल्डसोबत तयार होणारी बिल्डइन्फो फाइल काढा. शेवटचा यशस्वी बिल्ड कोणत्या पॅकेजांच्या नेमक्या कोणत्या आवृत्त्यांवर झाला होता हे तिच्यात नोंदलेलं असतं. ती यादी आणि मोडलेल्या बिल्डच्या लॉगमधली यादी शेजारी ठेवून वाचा, आणि बदललेल्या नावांपासून शोध सुरू करा.